वारेच्या कॅप्सूल कुणी घेतल्या आहेत का? (बीव्हर्टन, ओरेगन)

पाणकणीस | सोमवार, रात्री ९:१२

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मला ३४ वा आठवडा चालू आहे, दुसरं बाळ. आम्ही पोर्टलंडजवळ बीव्हर्टनला असतो. इथे बाळंतपणात सोबतीला एक बाई ठरवता येते, डूला म्हणतात तिला. आमची डूला स्वभावाने फार गोड आहे. मागच्या भेटीत तिने एक चकचकीत कागद पुढे सरकवला. बाळंतपणात पडलेली वार, म्हणजे प्लॅसेंटा, ती घरी नेणार, वाफवणार, पातळ काप करून रात्रभर यंत्रात वाळवणार, दळणार आणि कॅप्सूलमध्ये भरून तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणून देणार. २७५ डॉलर. शिवाय नाळ वाळवून तिचा बदाम करून देणार, तो फुकट. (हो, बदामाचा आकार. फोटो दाखवला. मला तो वाळलेल्या गवारीसारखा दिसला.)

फायदे म्हणे: दूध भरपूर, रक्त भरून येतं, थकवा जातो आणि बाळंतपणानंतरचं डिप्रेशन येत नाही.

नवरा म्हणतो तुला हवं ते कर. आईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ गप्प, मग नुसतं "शी!" ती २० तारखेला साताऱ्याहून येतेय. सासूबाई माळकरी, त्यांना सांगायचा प्रश्नच नाही.

कुणी घेतल्यात का? चव लागते का? दुधाचं काय झालं? हॉस्पिटल खरंच वार हातात देतं का?

---

रिकामटेकडा | सोमवार, रात्री ९:३०

२७५ डॉलरमध्ये आमच्या गावच्या बाजारात दोन शेळ्या येतात, आणि त्यांची वार वेगळी. हलकेच घ्या.

---

मावशीबाई | सोमवार, रात्री ९:४१

रिकामटेकड्या, पोरगी काळजीने विचारतेय. दोन दिवस गप्प बस.

पाणकणीस, मी नागपूरची, वय ७१. आमच्या वेळी सुईण वार अंगणात खोल पुरायची आणि वर मोठा दगड ठेवायची, कुत्र्याने उकरू नये म्हणून. "तुझी काय इथे नाळ पुरलीय का" म्हणतात ते उगाच नाही. खायचं मात्र आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

फुलपात्र | सोमवार, रात्री १०:०५

मी घेतल्या आहेत. २०२२, सॅन होजे. नावं ठेवणाऱ्यांनी खुशाल ठेवा.

हॉस्पिटल देतं, पण आधी विचारून ठेव. आमच्याकडे एक फॉर्म होता, त्यावर सही. पिकनिकला नेतो तसला कूलर आणि बर्फ आपला आपण न्यायचा. नर्सने झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून, वर माझ्या नावाचं लेबल लावून दिली. वार तपासणीला पॅथॉलॉजीत पाठवायची वेळ आली तर मात्र विसर, तिथे ती फॉर्मॅलिनमध्ये बुडते, मग खायच्या कामाची नाही.

नवरा तो कूलर मांडीवर घेऊन पार्किंगमध्ये डूलाची वाट बघत बसला होता. सासरे व्हिडिओ कॉलवर विचारतात, "त्यात काय आहे रे?" हा म्हणतो, "सूप."

१३० च्या आसपास कॅप्सूल झाल्या. चव नाही, पण ढेकर आला की वाळल्या बोंबलाचा वास. पहिले दहा दिवस मला खरंच हुशारी वाटत होती. दूध ठीकठाक. पुढे कंटाळून सोडल्या, ४० एक अजून फ्रीझरमध्ये पडल्यात.

---

टाका_टाके | मंगळवार, सकाळी ७:२०

पुण्यात १९ वर्षं बाळंतपणं करतेय. अजून माझ्याकडे कुणी वार डब्यात भरून मागितलेली नाही, पण परवा एका पेशंटने रील दाखवलं, म्हणजे आता मागतीलच.

आधी ही वस्तू काय आहे ते. वजन साधारण अर्धा किलो, आकार छोट्या ताटलीएवढा. बाळाकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत, नाळेपासून फुटलेल्या शिरा झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या. आईकडची बाजू कच्च्या कलेजीसारखी, खडबडीत, लाल-काळी. आणि एक गंमत: ती बहुतांशी बाळाच्या पेशींची असते. "माझंच तर आहे, मीच खाल्लं तर काय" हे म्हणूनच तितकंसं खरं नाही.

दुसरं म्हणजे ती निर्जंतुक नसते. योनिमार्गातून येते, तिथले जंतू घेऊन येते. आता पाणकणीसच्याच राज्यातली गोष्ट सांगते. सप्टेंबर २०१६, ओरेगन. बाळ जन्मल्यावर थोड्याच वेळात त्याला श्वासाचा त्रास सुरू झाला, रक्तात ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस म्हणजे जीबीएस सापडला. ११ दिवस ॲम्पिसिलिन देऊन घरी सोडलं. पाच दिवसांनी पुन्हा दाखल, पुन्हा रक्तात तोच जंतू. आईच्या दुधात काही सापडलं नाही. मग कळलं, आई वारेच्या कॅप्सूल घेतेय, दोन-दोन, दिवसातून तीनदा, बाळ तीन दिवसांचं असल्यापासून. कॅप्सूल तपासल्या, त्यात जीबीएस. जनुकीय तपासणीत बाळाच्या रक्तातल्या जंतूशी तंतोतंत जुळला. बाळाला आणखी १४ दिवस दोन अँटिबायोटिक्स द्यावी लागली. बाळ वाचलं. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, जून २०१७ मध्ये हे छापलं आणि कॅप्सूल टाळा असं स्पष्ट म्हटलं.

आता दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे. घरातल्या दुसऱ्या कुणाकडून जंतू बाळापर्यंत आला असण्याची शक्यता सीडीसीनेही मोकळी ठेवली होती. पण त्या आईची ३७ व्या आठवड्यातली जीबीएस तपासणी निगेटिव्ह होती, हेही लक्षात ठेवा. "तुझी टेस्ट निगेटिव्ह आहे ना, मग काळजी नाही" असं कुणी म्हणालं तर ते पुरेसं नाही.

---

पाणकणीस | मंगळवार, सकाळी १०:५०

बाप रे. ओरेगन! डूलाच्या कागदावर यातलं एक अक्षर नाही. माझी जीबीएस टेस्ट अजून व्हायची आहे, ३६ व्या आठवड्यात बोलावलंय.

---

फुलपात्र | मंगळवार, दुपारी १२:१५

डॉक्टर, ही केस दरवेळी काढली जाते. एक केस. कॅप्सूल घेणाऱ्या बायका ढिगाने आहेत. आणि वाफवतात, वाळवतात, जंतू राहतील कशाला?

---

टाका_टाके | मंगळवार, रात्री ९:०२

योग्य प्रश्न. त्या केसमधली कंपनी ११५ ते १६० अंश फॅरनहाइटला वाळवत होती, म्हणजे ४६ ते ७१ सेल्सिअस. सीडीसीने तुलनेला सांगितलंय की साल्मोनेला पुरेसा मारायला ५४ सेल्सिअसला १२१ मिनिटं लागतात. ४६ ला रात्रभर ठेवलं म्हणजे उकाड्यात पापड वाळत घातल्यासारखं. काही जणी तर न वाफवता कच्चीच वाळवतात, "सत्त्व जाऊ नये" म्हणून.

आता मी विचारते. तुझी वार कुणाच्या स्वयंपाकघरात वाळली?

---

फुलपात्र | मंगळवार, रात्री ९:२०

डूलाच्या.

---

टाका_टाके | मंगळवार, रात्री ९:२६

त्या यंत्रात त्याआधी कुणाची वाळली होती?

---

फुलपात्र | मंगळवार, रात्री ११:४८

विचारलं नव्हतं.

---

अर्धीचपाती | बुधवार, सकाळी ६:१०

डॅलसहून. मीही घेतल्या होत्या, हे आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितेय. पहिल्या आठवड्यात दूध छान आलं, मग कॅप्सूल सुरू केल्या आणि उतरत गेलं. स्तनपान सल्लागार बाईने आधी बाळाची पकड बघितली, मग खाणंपिणं विचारलं, मग अगदी सहज, "वारेच्या गोळ्या तर घेत नाहीस ना?" बंद केल्यावर चार-पाच दिवसांत बरं वाटलं. योगायोग असेल. पण तिने विचारलं म्हणजे तिच्याकडे मी पहिली नसणार.

---

टाका_टाके | बुधवार, दुपारी २:३०

अर्धीचपाती, पुरावा म्हणून नव्हे, पण तर्क म्हणून सांगते. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं आणि तेच दूध उतरू देत नाही. ते तयार करणारी वार बाहेर पडली की पातळी कोसळते आणि दोन-तीन दिवसांत दूध भरतं. गर्भाशयात वारेचा तुकडा राहिला तर दूध येत नाही, हे आम्ही प्रत्यक्ष बघतो. कॅप्सूलमध्येही ही हॉर्मोन्स काही प्रमाणात उरतात असं मोजमाप झालेलं आहे. "दूध वाढवते" म्हणून विकली जाणारी गोष्ट नेमकी उलटी वागली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

---

निळी_शाई | बुधवार, रात्री १०:१९

धागा वाचून दोन रात्री शोधनिबंध वाचत बसलो (बायको म्हणते, तुला काय करायचंय वार). जमा झालं ते टाकतो.

नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास शाखेत एक नीट प्रयोग झाला. साधारण निम्म्या बायांना स्वतःच्या वारेच्या कॅप्सूल, बाकीच्यांना दिसायला तशाच खोट्या. कुणाला काय मिळालं हे ना बाईला माहीत ना मोजणाऱ्याला. २०१८ ला निकाल आला, २७ बायका होत्या. मनःस्थिती, थकवा, बाळाशी जवळीक, कशातच ठळक फरक नाही. हॉर्मोनमध्ये बारीकसा फरक दिसला, एवढंच. २७ हा आकडा लहान आहे, हे मान्य.

लोहाचा हिशेब मात्र फार बोलका. वाळवलेल्या वारेच्या एका ग्रॅममध्ये ०.६६४ मिलिग्रॅम लोह निघालं. दिवसाची कमाल मात्रा ३.३ ग्रॅम धरली तर गोळाबेरीज २.२ मिलिग्रॅम. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भार बाईला लाल गोळी फुकट मिळते, त्यात ६० मिलिग्रॅम असतं. आशाताई घरी आणून देतात, वर खाल्ली का म्हणून विचारतातही.

आणि हो, लोहाच्या त्या अभ्यासात खोट्या कॅप्सूलमध्ये वाळवलेल्या गोमांसाची पूड होती. पाणकणीसच्या सासूबाईंना यातलं काहीच न सांगितलेलं बरं.

त्याआधी २०१५ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मंडळींनी तोवरचे १० अभ्यास चाळले होते. माणसांत फायदा होतो असं सिद्ध करणारं काही सापडलं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्यानेही सावधगिरीची सूचना काढली.

---

रिकामटेकडा | बुधवार, रात्री १०:४०

दोन दिवस संपले. विचारू का? ही वार शाकाहारी की मांसाहारी?

---

मावशीबाई | बुधवार, रात्री १०:५२

तुझ्या प्रश्नाला उपास लागत नाही, हेच खरं.

---

कडुलिंब | गुरुवार, सकाळी ८:०५

मी वैद्य, कोल्हापूर. "हे तर आपल्या आयुर्वेदात होतंच" असं कुणीतरी लिहिणारच, त्याआधी लिहितो. वारेला आपल्याकडे अपरा म्हणतात. चरकाच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात ती वेळेत पडली नाही तर पाडायची कशी हे सविस्तर आहे, कारण अडकलेली वार म्हणजे बाईच्या जिवाशी गाठ. सगळी काळजी ती बाहेर काढण्याची. बाळंतिणीच्या पथ्यात तूप, तेल, यवागू (पातळ पेज), गरम पाणी आहे. वार खायला घाला असं माझ्या वाचनात कुठेही आलेलं नाही.

चीनच्या पारंपरिक औषधांत वाळवलेली वार आहे, तिला ते झिहेछे म्हणतात. पण ते अशक्तपणा, दमा, वंध्यत्व अशा आजारांवर कुणालाही द्यायचं औषध. बाळंतिणीने आपलीच वार खायची ही प्रथा ती नव्हे. तिथेही सरकारने २००५ ला वारेचा धंदा बंद केला. अमेरिकेतली आताची लाट फार तर पन्नास वर्षांची, आणि टीव्हीवरच्या बायांनी आपापल्या कॅप्सूलचे फोटो टाकायला लागल्यापासून फोफावलेली.

---

कराडचा_गोठा | गुरुवार, सकाळी ९:३३

डॉक्टर आणि वैद्यबुवांच्या मधी बोलतोय, माफी असावी. आमच्याकडं २२ म्हशी हायत. "सगळी जनावरं वार खात्यात, मग माणसानं का खाऊ नये" असं त्या रीलमधी म्हणत्यात म्हणून लिवतोय. म्हस, गाय, शेळी, कुत्री सगळ्या खायला बघत्यात, खरं हाय. पण आम्ही खाऊ देत नाय. व्याली की एक माणूस जार, म्हंजी तिची वार, पडंपर्यंत जागा बसतो. खाल्ला तर दूध तुटतं आणि पोट बिघडतं म्हणत्यात. खरंखोटं डॉक्टरास्नी ठावं.

जार पडला की पोत्यात भरून वडाच्या झाडाला टांगायचा, वडाला चीक असतो म्हणून म्हशीला दूध येतंय, अशी समजूत. आमच्या ओढ्याकाठच्या वडावर अजून धा-बारा पोती लोंबत्यात. नवा माणूस वासानं पळतो.

बाकी उंटीण खात नाय म्हणं, आणि देवमासाबी. चुकत असंल तर सांगा.

---

निळी_शाई | गुरुवार, सकाळी ९:५०

चुकत नाहीये. उंट-लामाच्या घराण्यातले आणि पाण्यातले सस्तन प्राणी खात नाहीत, हेच सगळीकडे सांगतात. आणि माणूस, आत्ताआत्तापर्यंत.

---

ढगाळ | गुरुवार, दुपारी १:०४

ऑकलंडहून. इथे माओरी भाषेत वारेला फेनुआ म्हणतात आणि जमिनीलाही फेनुआच. एकच शब्द. वार घराण्याच्या जमिनीत नेऊन पुरतात, मूल कुठलं ते पक्कं होतं. माझ्या वेळी मिडवाइफने पहिल्याच भेटीत, "तुम्हाला तुमची वार न्यायची आहे का?" असं अगदी "चहा घेणार का?" च्या सुरात विचारलं. मला मावशीबाईंच्या अंगणातला तोच दगड आठवला असता, पण तेव्हा हा धागा नव्हता.

आम्ही भाड्याच्या घरात होतो, पुरणार कुठे? हॉस्पिटललाच ठेवून घ्या म्हटलं. अजून थोडी चुटपुट आहे.

---

अर्धीचपाती | गुरुवार, दुपारी ४:४०

भारतात वार मागितली तर देतात का? माझ्या बहिणीला पुण्यात विचारायचंय. (खायला नाही. पुरायला, गावच्या घरी.)

---

टाका_टाके | गुरुवार, रात्री ८:५५

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत ती पिवळ्या पिशवीत जाते, तिथून जाळायला, आणि तशी सोय नसलेल्या दूरच्या भागात खोल पुरायला. एक-दोन कुटुंबांनी मागितलीय, आम्ही नियम दाखवला. आजी रडल्या होत्या, ते मला आवडलं नव्हतं. ओरेगनमध्येही पूर्वी असाच पेच होता, मग आईला वार घरी नेऊ देणारा कायदा झाला, तो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. तेव्हा पाणकणीस, तुझी वार तुझ्या हक्काची आहे. खायची का, हा वेगळा मुद्दा.

अवांतर: नाळेतलं रक्त खासगी पेढीत साठवा म्हणून फोन येत असतील तर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) त्याची शिफारस करत नाही. त्यावर इथे भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

---

पाणकणीस | शुक्रवार, पहाटे ३:१७

झोप नाही, म्हणून लिहितेय.

दूध, लोह यासाठी मी विचारलंच नव्हतं खरं तर. ते आपलं तोंडदेखलं. मोठा मुलगा जानेवारी २०२१ चा. कोविड, व्हिसा कचेऱ्या बंद, आई येऊ शकली नाही. नवऱ्याला दोन आठवडे रजा. तिसऱ्या आठवड्यापासून पहाटे मी मायक्रोवेव्हसमोर उभी असायचे, आत बाटली फिरतेय, आकडे उलटे मोजतायत. शून्य आलं, शिटी वाजली, तरी मी दार उघडायचे नाही. बाळ आतल्या खोलीत रडतंय, मला ऐकू येतंय, आणि हात वर जात नाहीत. असे चार महिने. दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरात उभी आहे असं वाटायचं. कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टरकडे सहा आठवड्यांनी गेले तेव्हा कागदावर दहा प्रश्न होते, मी सगळ्या बऱ्या उत्तरांवर खुणा केल्या.

डूलाने "डिप्रेशन येत नाही" म्हटल्यावर मी कागदावरचं पुढचं काही वाचलंच नाही. पैसे काढून ठेवले होते.

---

मावशीबाई | शुक्रवार, सकाळी ६:०२

बाळा, बरं केलंस लिहिलंस ते.

आता सगळे म्हणतील आपल्याकडे सव्वा महिना विश्रांती असते, म्हणून असलं काही होत नाही. खोटं आहे. माझी धाकटी मावशी, मूर्तिजापूरची, दुसऱ्या बाळंतपणानंतर न्हाणीत बसून राहायची, पाणी गार होईपर्यंत. शेक होता, डिंकाचे लाडू होते, ओव्याची धुरी, अंधारी खोली, दाराला पडदा, सगळं साग्रसंगीत. कुणी म्हणे सुवारोग, कुणी बाळंतवात, सासू म्हणे बाहेरचं झालंय. मांत्रिक आणला. मूल तिच्यापासून काढून जावेकडे दिलं. ती पुढे ५० वर्षं जगली, पण त्या मुलाला कधी "माझा" म्हणाली नाही. लाडू खाऊन ते बरं होत असतं तर तिचं झालं असतं. कॅप्सूल खाऊनही नसतं झालं.

आई येतेय ना, तिला हे आधीच सांग. आल्यावर नको, आधी.

---

टाका_टाके | शुक्रवार, सकाळी ७:१५

मावशीबाईंच्या पुढे काय लिहू. तरी कामाचं लिहिते.

पाणकणीस, ते दहा प्रश्न म्हणजे एडिंबरो मापन, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायला १९८७ पासून जगभर वापरतात. पुढच्या भेटीत तुझ्या डॉक्टरला हा वरचा मजकूर जसाच्या तसा इंग्रजीत करून दाखव. एकदा झालेलं पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तयारी आताच करायची: बोलायला कोण, औषध लागलं तर कुठलं, तपासणी कधी. सहा आठवडे थांबायचं नाही, दुसऱ्या आठवड्यातच बोलव म्हणावं. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींना येतं आणि ओसरतं. त्यापुढे रेंगाळलं तर तो आजार. अंगावर पाजतानाही चालणारी औषधं आहेत, सर्ट्रालिन हे त्यातलं नेहमीचं. २०२३ मध्ये तुमच्याकडे बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी म्हणून झुरानोलोन ही गोळीही मंजूर झाली.

रात्री तीनला लिहायची वेळ आली तर १-८३३-८५२-६२६२ लाव. आयांसाठीच आहे, चोवीस तास. इकडच्या वाचणाऱ्या मुलींसाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलता येतं.

---

फुलपात्र | शुक्रवार, सकाळी ११:३०

मीही एक कबूल करते. ते दहा दिवस हुशारी वाटली तेव्हा माझी सासू माझ्याकडे होती आणि रात्रीचं बाळ तीच बघत होती. अकराव्या दिवशी ती परत गेली. कॅप्सूल तेव्हाही चालूच होत्या.

---

पाणकणीस | सहा आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ३:४४

मुलगी झाली. ३९ आठवडे १ दिवस, ३.१ किलो. सगळ्यांना दंडवत.

जीबीएस पॉझिटिव्ह निघाले होते, कळा सुरू झाल्यावर पेनिसिलिन लावलं. वार कॅप्सूलला दिली नाही. पण टाका_टाके यांनी झाडाच्या फांद्या म्हटल्या होत्या ते डोक्यात बसलं होतं, म्हणून नर्सला म्हटलं, मला बघायचीय. तिने हातमोजे घालून निळ्या कापडावर उलगडली, आधी कलेजीची बाजू, मग हळूच उलटी केली. नाळ मधोमध नव्हती, एका कडेला होती, आणि तिथून शिरा अशा पसरलेल्या की आमच्या वाड्यामागचा पिंपळ पावसात दिसतो तसा. नवऱ्याने फोटो काढला आणि लगेच खुर्चीत बसला. नर्सने त्याला ज्यूस दिला.

डूलाला मी साफ सांगितलं, कॅप्सूल नकोत. ती सीडीसीचं ऐकून होती म्हणाली, "पण लोक विचारतात, म्हणून ठेवलंय." रागावली नाही. मग मी विचारलं, २७५ डॉलरमध्ये तुझ्या रात्रपाळीच्या किती रात्री येतात? एक येते, सात तासांची. ती घेतली, घरी आल्यानंतरच्या चौथ्या रात्री. ती आणि आई दोघी बाळाजवळ, एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी. मी सलग पाच तास झोपले. उठले तेव्हा दोघी डिंकाचा लाडू खात बसल्या होत्या आणि डूला फोनवर "आळीव" चं स्पेलिंग शोधत होती.

दहाव्या दिवशी ते दहा प्रश्न आले. या वेळी खऱ्या खुणा केल्या. आकडा थोडा वर आला, कमी मात्रेची गोळी सुरू आहे, दर आठवड्याला फोन असतो. पहाटेचा मायक्रोवेव्ह आईकडे आहे. शिटी वाजायच्या आत ती दार उघडते, मुलगा उठेल म्हणून.

---

फुलपात्र | रविवार, संध्याकाळी ५:१०

अभिनंदन! लेकीला आत्याकडून पापे.

माझ्या फ्रीझरमधल्या त्या ४० कॅप्सूलचं काय करू? परवा सासू वाटाणे शोधत होती, थोडक्यात वाचले.

---

रिकामटेकडा | रविवार, संध्याकाळी ५:१४

कराडला पाठव. वडावर जागा आहे.

---

कराडचा_गोठा | रविवार, रात्री ८:२०

नगं. आमच्याकडं म्हशींचंच पुरं हाय.

---

ढगाळ | रविवार, रात्री ८:४१

फुलपात्र, अंगण आहे का?

---

फुलपात्र | रविवार, रात्री ९:०३

लिंबाचं झाड आहे. शनिवारी नवऱ्याला खड्डा खणायला लावते. वर दगडही ठेवते, मावशीबाई, इथे रॅकून उकरतात.